गढूळ बिअर नितळ कशी करायची?

प्रश्न : सर, मी मूळचा कसबा बावड्याचा, सध्या नोकरीमुळं इंग्लंडात लीड्सला असतो. इथं घरी स्वतःपुरती बिअर करता येते, म्हणून थंडीच्या दिवसांत हा नाद लागला. साधं माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) चार किलो, गव्हाचं माल्ट अर्धा किलो, आणि आपल्या गुऱ्हाळाच्या भाषेत सांगायचं तर वीस लिटरचं आधण. घरातल्या शेगडीवर मोठं पातेलं ठेवून तासभर उकळतो. वाफेनं भिंती ओल्या होतात म्हणून झाकण अर्धं लावतो आणि आच मंद ठेवतो. मग झाकून रात्रभर निवायला ठेवतो, सकाळी यीस्ट घालतो, तीन आठवड्यांनी बाटल्या भरतो. चव चांगली, वास चांगला, आंबटपणा नाही. पण फ्रीजमधनं काढून ग्लासात ओतली की पांढुरकी, धुरकट दिसते. ग्लास अर्धा-पाऊण तास टेबलावर राहिला तर बरीच निवळते. बाटलीतला शेवटचा ग्लास मात्र सगळ्यांत गढूळ. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, “पावसाळ्यात आपण पाण्यात तुरटी फिरवतो, तशी फिरव की.” फिरवू का?

उत्तर : तुरटी नको. आईंचं म्हणणं पाण्यापुरतं अगदी बरोबर आहे. पंचगंगेला पूर आला की नळाला येणारं तांबूस पाणी कोल्हापुरातल्या घराघरांत तुरटीनं निवळलेलं आहे. पण तुरटीचं काम चालतं ते साधारण उदासीन पाण्यात. तिथं तिच्यातल्या ॲल्युमिनियमचे फुलोऱ्यासारखे पुंजके तयार होतात आणि ते मातीला घेऊन खाली बसतात. बिअर आम्लधर्मी असते, तिचा पीएच साडेचारच्या आसपास किंवा त्याहून खाली. तिथं ते पुंजके धरतच नाहीत, ॲल्युमिनियम विरघळलेलंच राहतं आणि तुमच्या पोटात जातं. वर तोंडाला तुरट चव. निवळीच्या बियांचंही तेच. पाण्याचा उपाय पाण्याला.

आता तुमच्या बिअरकडं येऊ. तुम्ही जे बारकाईनं लिहिलंत, त्यात निम्मं निदान झालेलं आहे. मी शिकवायला लागण्याआधी एका ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत काम केलं. तिथं बिअर गढूळ आली की पहिला प्रश्न “काय घालू?” हा नसायचा, “हे गढूळ कशानं आहे?” हा असायचा. गढूळपणा चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींनी येतो आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. दुकानातनं पुडी आणून ओतण्याची घाई बहुतेक जण इथंच करतात.

थंड असताना धुरकट आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर स्वच्छ, याचा अर्थ एकच. माल्टमधली काही प्रथिनं आणि माल्टच्या सालीतनं व हॉप्समधनं (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आलेली पॉलिफेनॉल ही तुरट द्रव्यं थंडीत एकमेकांना सैलसर धरतात. त्यांचे कण इतके वाढतात की प्रकाश त्यांच्यावरनं विखुरतो. गरम झालं की ती पकड सुटते. कडक कोरा चहा गाळून फ्रीजमध्ये ठेवला तर तोही असाच गढुळतो. ब्रुअरीत याला चिल हेझ म्हणतात. यानं चव बिघडत नाही, तब्येतीलाही काही होत नाही. पण बिअरला हवा लागली आणि दिवस गेले की ही सैल पकड पक्की होते. मग ग्लास कितीही वेळ टेबलावर ठेवा, धुरकटपणा जात नाही.

शेवटचा ग्लास जास्त गढूळ येतो तो वेगळ्या कारणानं. ते यीस्ट आहे. बाटलीत फेस यावा म्हणून तुम्ही साखर घालत असणार. ती खाऊन यीस्ट तळाशी बसतं आणि बाटली पुन्हा पुन्हा तिरकी-सरळ केली की उठतं. म्हणजे तुमच्याकडं दोन गढूळपणे एकावर एक आहेत.

पहिला कुठनं आला ते तुमच्या पत्रातच आहे : अर्धं झाकण आणि मंद आच.

उसाच्या हंगामात आपल्या करवीर तालुक्यातल्या कुठल्याही गुऱ्हाळावर जाऊन काहिलीजवळ उभं राहा. रस तापायला लागला की गुळव्या त्यात चुन्याची निवळी घालतो आणि भेंडीची खोडं ठेचून, पाण्यात कुस्करून काढलेलं बुळबुळीत पाणी ओततो. उष्णतेनं रसातली प्रथिनं गोठतात, भेंडीचा चिकट पदार्थ त्यांना आणि बारीक चोथ्याला गोळा करतो आणि सगळी मळी वर येते. ती तिथल्या तिथं झाऱ्यानं काढायची असते. मळी काढायची वेळ चुकली तर पुढं कितीही हुशारी केली तरी त्या आधणाच्या गुळाला रंग येत नाही. चांगल्या गुळव्याचं सगळं कसब या घटकेत असतं, आणि ते बघत मी लहानाचा मोठा झालो म्हणूनच मला ब्रुअरीतली कढई पहिल्या दिवशी परकी वाटली नाही.

बिअरची मळी वर तरंगत नाही, बहुतेक खाली बसते, एवढाच फरक. वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, खळाखळा उकळलं पाहिजे. पृष्ठभाग सतत उलथापालथ होत राहिला पाहिजे. तेव्हाच प्रथिनं एकमेकांवर आपटून गोठतात आणि अंड्याचं पांढरं गरम पाण्यात सोडल्यावर दिसतात तसे तुकडे वर्टमध्ये दिसायला लागतात. ते दिसले नाहीत तर उकळी पुरेशी झाली नाही, घड्याळ काहीही म्हणो. वीस लिटर एका घरगुती शेगडीला झेपत नसेल तर दोन पातेल्यांत दोन शेगड्यांवर वाटून घ्या. झाकण काढा, खिडकी उघडा. झाकण काढण्याचं आणखी एक कारण आहे : हलक्या माल्टच्या वर्टमधनं उकळलेल्या मक्यासारख्या वासाचं एक गंधकयुक्त द्रव्य वाफेबरोबर बाहेर जायचं असतं, झाकणाला लागून ते परत पातेल्यात पडतं.

भेंडीच्या जागी बिअरमध्ये आयरिश मॉस घालतात. हे समुद्रातलं तांबडं शेवाळ, त्यातलं कॅराजीनन हे द्रव्य उपयोगाचं. वीस लिटरला साधारण एक चहाचा चमचा, आधी थोडा वेळ पाण्यात भिजवून, उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत. त्याच्या तयार गोळ्याही मिळतात. कॅराजीननवर ऋण भार असतो, वर्टमधल्या प्रथिनांवर धन. दोघं चिकटतात आणि जड होऊन बसतात. जास्त घातलं म्हणून जास्त निवळत नाही. उलट तळाशी फुगलेला, सैल साका होतो आणि चांगली बिअर त्यात अडकून वाया जाते.

मग रात्रभर निवायला ठेवणं बंद करा. उकळी थांबल्यावर वर्ट जितक्या लवकर वीस अंश सेल्सिअसपर्यंत येईल तितकी प्रथिनांची दुसरी खेप गोठून बाहेर पडते. सावकाश निवलं तर यातला बराच भाग विरघळलेलाच राहतो आणि पुढं फ्रीजमध्ये तुम्हाला भेटतो. शिवाय कोमट गोड पाणी रात्रभर ठेवणं म्हणजे हवेतल्या जंतूंना आमंत्रण. आत्तापर्यंत आंबटपणा आला नाही हे चांगलं झालं, पण यावर भरवसा ठेवू नका. लीड्सला हिवाळ्यात नळाचं पाणी बर्फासारखं येतं, त्याचा फायदा घ्या. तांब्याच्या नळीचं वेटोळं वर्टमध्ये बुडवून त्यातनं नळाचं पाणी सोडलं की अर्ध्या तासात काम होतं. ते नसेल तर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि झाकण न काढता बाहेरचं पाणी बदलत राहा.

गव्हाचं माल्ट का घालता, ते लिहिलेलं नाही. फेस टिकावा म्हणून असेल तर पाव किलो पुरेल. गव्हात प्रथिनं भरपूर, तीच तुम्हाला नडताहेत. भिजवलेल्या माल्टमधलं गोड पाणी काढून घेतल्यावर ते माल्ट धुताना वापरायचं पाणी ७५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. त्याहून गरम पाणी सालीतला तुरटपणा ओढून आणतं आणि तोच पुढं प्रथिनांना धरतो.

यीस्टसाठी दोन गोष्टी. यीस्ट आपोआप गुच्छ करून खाली बसावं यासाठी पाण्यात कॅल्शियम लागतं, लिटरला ५० मिलिग्रॅम तरी. लीड्सकडचं पाणी डोंगरातल्या तलावांचं, हलकं असतं. वीस लिटरला चार ग्रॅम जिप्सम घातलंत तर जवळजवळ तेवढं कॅल्शियम मिळतं. आणि यीस्टची जात बघा. जुन्या इंग्लिश एलसाठीची यीस्ट झटकन गुच्छ करतात आणि तळाला घट्ट बसतात. गव्हाच्या बिअरची यीस्ट तरंगत राहण्यासाठीच निवडलेली असतात. गुच्छाला एवढं महत्त्व का? कणाचा व्यास दुप्पट झाला तर तो चौपट वेगानं खाली बसतो, दसपट झाला तर शंभरपट. यीस्टची एकटी पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. ती एकटीच बसायची वाट पाहिली तर कंटाळा येईल.

एवढं करूनही पुरतं निवळलं नाही तर बाटल्या भरण्याआधी थंडी द्या. मात्र त्याआधी हायड्रोमीटरचं (द्रवातली साखर किती उरली ते दाखवणारं तरंगतं मापक) वाचन लागोपाठ दोन-तीन दिवस तेच येऊ द्या. आंबणं पुरतं संपलेलं नसताना बाटल्या भरल्या तर त्या फुटतात, आणि काच फुटणं ही गढूळपणापेक्षा फार मोठी गोष्ट आहे. मग सगळं भांडं शून्य ते दोन अंशांवर तीन-चार दिवस ठेवा. थंड होताना आतला वायू आकसतो आणि भांड्याच्या तोंडावरच्या हवाबंद झडपेतलं पाणी आत ओढलं जातं, पाठोपाठ हवाही. म्हणून त्या काळात झडपेऐवजी तोंड नीट बंद करता येईल असं काही वापरा.

जिलेटिन घालायचं असेल तर ते याच थंड बिअरमध्ये. वीस लिटरला अर्धा चहाचा चमचा, कपभर पाण्यात, ६५ ते ७० अंशांपर्यंत गरम करून विरघळवायचं. उकळायचं नाही, उकळलं तर त्याची ताकद जाते. दोन दिवसांत बिअर स्वच्छ दिसते. बाटलीत फेस आणायला लागणारं यीस्ट त्यानंतरही पुरेसं उरतं.

आत्ता ज्या बाटल्या भरून ठेवल्यात त्या उघडून त्यात काही घालू नका. फ्रीजमध्ये उभ्या ठेवा, दोन आठवडे हात लावू नका. धुरकट कणही हळूहळू यीस्टबरोबर खाली बसतात. ओतताना एका दमात, बाटली सरळ न करता ओता आणि तळाचा बोटभर भाग बाटलीतच ठेवा.

एक तपासणी मात्र पुढच्या आधणाला जरूर करा. माल्ट गरम पाण्यात भिजवून तास झाला की त्यातलं चमचाभर स्वच्छ पाणी पांढऱ्या बशीत निवू द्या आणि आयोडीनचा एक थेंब टाका. रंग तांबूस-पिवळाच राहिला तर ठीक. निळा-काळा झाला तर पिष्टाची साखर झालेली नाही, आणखी वेळ द्या. साल बशीत येऊ देऊ नका, ती काळी पडतेच. बशीतलं परत पातेल्यात ओतू नका. पिष्टानं आलेला गढूळपणा थंडीनं जात नाही, जिलेटिननंही जात नाही, आणि जंगली यीस्टला ते आयतं खाद्य मिळतं. तुमच्या बिअरला तो नाही हे ग्लास टेबलावर निवळतो यावरनं कळतंच, पण सवय लावून घ्या.

आणि कधी बिअर दिवसेंदिवस जास्तच गढूळ होत गेली, आंबट वास आला, उघडताच उसळून बाहेर आली किंवा ओतताना तार धरली, तर ती जंतूंनी बिघडलेली. तिला निवळायच्या मागं लागू नका. फेकून द्या, नळ्या-भांडी नीट निर्जंतुक करा.

प्रश्न : मी इचलकरंजीची, सध्या मेलबर्नला. नवरा घरी बिअर करतो. आम्ही दोघंही शाकाहारी. दुकानात “बिअर स्वच्छ करायचं” म्हणून जे मिळतं त्यातलं आम्हाला काय चालेल?

उत्तर : विचारलंत हे फार बरं केलंत, कारण पुडीवर मोठ्या अक्षरांत हे लिहिलेलं नसतं. जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांतनं येतं. आयसिंग्लास हे माशाच्या हवेच्या पिशवीतनं काढतात. इंग्लंडमधल्या पिंपातल्या बिअरला ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. गिनेसनं ते सोडत असल्याचं २०१५मध्ये जाहीर केलं. तिसरं नाव लक्षात ठेवा : काइटोसन. दोन पुड्यांच्या जोडीत बऱ्याचदा हे असतं आणि ते सहसा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातनं येतं. त्याच जोडीतली दुसरी पुडी कीसेलसोल, म्हणजे सिलिका, ती खनिज. जोडी घेताना दोन्ही वाचा.

तुम्हाला चालणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. आयरिश मॉस शेवाळ आहे. सिलिका जेल प्रथिनं धरतं. पीव्हीपीपी नावाची पांढरी पूड कृत्रिम आहे, ती पॉलिफेनॉल धरते. ती विरघळत नाही, तळाला बसते, वरची बिअर अलगद काढून घ्यायची. यीस्टबरोबरच घालायचं एक विकरही (एन्झाइम) मिळतं, जे धुरकटपणा आणणाऱ्या नेमक्या प्रथिनांचे तुकडे करतं. मला या सगळ्यांत ते सर्वांत आवडतं, कारण धुरकट कण तयार होण्याआधीच त्याचं काम सुरू होतं. प्रमाण प्रत्येकाच्या वेष्टनावर असतं तेच धरा. फळं घालून बिअर करत असाल तर तिचा गढूळपणा पेक्टिनचा असू शकतो, त्याला पेक्टिनेज हे वेगळं विकर लागतं. फळ उकळू नका, उकळल्यानं पेक्टिन जास्त सुटतं.

आणि काहीच घालायचं नसेल तर जोराची उकळी, झटपट थंडावा आणि महिनाभर थंडीत मुक्काम. चेकमधल्या पिल्सेनला १८४२मध्ये जी सोनेरी, आरपार दिसणारी बिअर निघाली आणि जिच्यामुळं जगाला नितळ बिअरची ओढ लागली, ती थंड तळघरांतल्या मुरण्यावरच उभी होती. गव्हाची जर्मन बिअर करत असाल तर तिला निवळूच नका. तिचा धुरकटपणा तिचा स्वतःचा आहे.

प्रश्न : माझा मुलगा पुण्याहून शिकून आलाय. इथं शाहूपुरीत घरीच बिअर करून बघतो म्हणतो. करू द्यावं का?

उत्तर : नाही, ताई. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९नुसार परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे, घरी आणि स्वतःपुरती असली तरी. इंग्लंडात १९६३पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही, पण विकता तिथंही येत नाही. देश बदलला की कायदा बदलतो. मुलाला खरंच गोडी असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरी आहेत, तिथं उमेदवारी करू द्या. किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकू द्या. यीस्ट समजलं तर पाव, इडली, व्हिनेगर, औषधं अशी कितीतरी दारं उघडतात, आणि मला अशी गोडी असलेली मुलं फार थोडी भेटली आहेत. त्याला नाउमेद करू नका.

प्रश्न : आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. मेहुणा अमेरिकेत घरी बिअर करतो. त्याला आमचा गूळ पाठवला, त्यानं बिअरमध्ये घातला आणि आता फोन करून सांगतो, “तुमच्या गुळानं बिअर गढूळ झाली.” खरंच दोष गुळाचा का?

उत्तर : थोडा गुळाचा, जास्त घालण्याच्या पद्धतीचा. पांढरी साखर स्वच्छ पाण्यासारखी विरघळते, गूळ तसा विरघळत नाही, कारण उसाचं सगळं सत्त्व त्यात असतं. त्यात उसातली थोडी प्रथिनं, चिकट द्रव्यं, खनिजं आणि मळी काढताना सुटलेला बारीक चोथा उरलेला असतो. तुम्ही स्वतः बघा : मूठभर गूळ गरम पाण्यात विरघळवून काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा. सकाळी तळाला जो साका दिसेल, तेवढं सगळं त्याच्या बिअरमध्ये गेलं.

मेहुण्यानं गूळ बहुधा आंबायला ठेवलेल्या भांड्यात थेट टाकला असेल. तसं करू नये. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा आणि उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत, आयरिश मॉस घालायच्या आधी, वर्टमध्ये ओतावा. मग गुळातलं जे गोठायचं ते तिथंच गोठतं आणि माल्टच्या साक्याबरोबर मागं राहतं. वीस लिटरला तीनशे-चारशे ग्रॅम पुरे. त्यापेक्षा जास्त घातला तर बिअर पातळ लागते, कारण गुळातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, मागं अंग असं काही ठेवत नाही. वास मात्र राहतो, आणि तो वास माल्टबरोबर फार सुरेख जुळतो.

कोल्हापुरी गुळाला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा एवढ्यावरनं त्याला नाव ठेवू देऊ नका. पण पाठवताना एक पथ्य पाळा. बाजारात भाव मिळावा म्हणून पिवळाधमक करायला हायड्रोस (रंग उजळवणारी गंधकयुक्त पूड) घातलेला गूळ पाठवू नका. त्यातनं गंधकाचा वास येऊ शकतो आणि यीस्टलाही तो मानवत नाही. भेंडी आणि चुन्यावर केलेला, दिसायला काळपट असा घरच्यासाठी ठेवता तो पाठवा, आणि मळी दोनदा काढलेल्या आधणातला निवडा.